बर्फाच्या पेटीतला लासारो

तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. टायरच्या दुकानामागचं ते मैदान, एरवी तिथे भटकी कुत्री आणि फुटके टायर यांचाच मुक्काम. पण त्या रविवारी वाळवंटातल्या पालो सेको गावाची निम्मी वस्ती ठेवणीतले कपडे घालून तिथे दाटीवाटीने बसली होती. बायकांच्या मांडीवर पोरं, पोरांच्या हातात गोड पाव, आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या मेजावर. मेजावर होती बर्फाची पेटी. लोक सहलीला बिअर गार ठेवायला नेतात तसली, निळी, पांढऱ्या झाकणाची.

"भावांनो, बहिणींनो! हे काय आहे?"

"थडगं!" तंबू ओरडला.

"आणि थडग्यात कोण?"

"लासारो!"

लासारो म्हणजे मेल्यावर येशूने हाक मारून थडग्यातून उठवलेला माणूस. विचारणारा होता आबुंदिओ. लोक त्याला हर्मानो, म्हणजे भाऊ म्हणत. आपण त्याला बुवाच म्हणू. ती जात कुठल्याही देशात लगेच ओळखू येते. पांढरा सदरा, पांढरे बूट, केसांना चोपडलेलं तेल, आणि बोलणं असं की उन्हाळ्यात वाळवंटात शेगड्या विकून दाखवील.

पेटीचं झाकण उघडलं. बुवाने दोन्ही हातांनी एक कासव बाहेर काढलं. वाळवंटातलं, मातकट, परातीएवढं. पाय लुळे, मान लोंबलेली, डोळे खोल गेलेले. टायरवाल्याने त्याच्या नाकाशी आरसा धरला. आरशावर वाफ आली नाही. कुणीतरी पायाला टाचणी टोचली. पाय हलला नाही.

"मेलाय की नाही?" बुवाने विचारलं.

"मेलाय!"

"डॉक्टर आला असता तर काय म्हणाला असता? मेला म्हणाला असता, आणि वर बिल लावलं असतं!" लोक हसले. "पण मी बिल लावत नाही. मी फक्त हाक मारतो."

मग त्याने कासवावर लाल मखमलीची टिकल्या लावलेली झूल पांघरली आणि प्रार्थना सुरू केली. प्रार्थना म्हणजे काय, थांबायचं नावच नाही. गाणी झाली, रडणं झालं, बरे झालेल्यांच्या साक्षी झाल्या, पुन्हा गाणी झाली, दानाची बादली फिरून आली. पोरांचे गोड पाव संपून ती मांडीवरच झोपली. आणि शेवटी झुलीखालून एक सुरकुतलेला पाय बाहेर आला. मग डोकं आलं. "लासारो, बाहेर ये!" म्हणून बुवा गरजला, तेव्हा ते आधीच निम्मं बाहेर आलेलं होतं, पण तंबूतल्या हलकल्लोळात ते बघतंय कोण! कासवाच्या नाकातून बुडबुडे येत होते. बायका धावल्या आणि ते पाणी तीर्थ म्हणून रुमालांनी टिपून घेऊ लागल्या.

मागच्या रांगेत रोसाउरा दात ओठ खात उभी होती. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तमाशा बघायची तिला हौस नव्हती. पहिल्या रांगेत, रुमाल घेऊन धावणाऱ्यांत, तिचा बाप होता.

तिबुर्सिओ म्हातारा जन्मभर लोकांच्या घरांवर छपरं घालत आला. साखरेचा आजार जुना, रोजची इन्सुलिनची सुई, आणि डाव्या पायाला न भरणारी जखम. बुवाने त्याला 'सुई सोड' असं कधीच सांगितलं नव्हतं. एवढा मूर्ख तो नव्हता. त्याने फक्त भर सभेत विचारलं होतं, "लासारो मेला आणि उठला. त्याने कधी सुई घेतली का हो?" त्या दिवसापासून तिबुर्सिओने सुई हातात धरली नाही.

रोसाउराने आधी एकदा बुवाला पकडायचा प्रयत्न केला होता, आणि तोंडघशी पडली होती. तिला वाटलं, कासवं दोन असणार. एक मेलेलं दाखवायचं, झुलीखाली बदलून जिवंत काढायचं. म्हणून दर्शनाच्या गर्दीत तिने मेलेल्या कासवाच्या पोटाला नखं रंगवायच्या रंगाचा हिरवा ठिपका लावला, आणि कासव उठल्यावर सगळ्यांसमोर ओरडली, "उलटं करून दाखवा!" बुवाने हसत हसत उलटं केलं. हिरवा ठिपका तिथेच होता.

"बाईसाहेबांचे आभार!" बुवा म्हणाला. "आजवर मी सांगत होतो, आज शाळेनेच शिक्का मारून दिला."

तंबू हसला. तिचा बाप मात्र हसला नाही. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "माझी अब्रू घालवलीस, पोरी." आणि इन्सुलिनच्या उरलेल्या बाटल्या त्याने कचऱ्यात टाकल्या.

या वस्तीत एक जुनी, गोड रीत आहे. नाताळात बाळयेशूची मूर्ती कुणाच्या तरी घरी पाहुणी जाते. घरचे तिला नवे कपडे शिवतात, तिच्याशी बोलतात, आणि फेब्रुवारीत कांदेलारियाच्या सणाला नटवून चर्चमध्ये नेऊन सगळ्यांना मक्याच्या पानात उकडलेले तमाले खाऊ घालतात. मूर्ती घरी येणं म्हणजे भाग्य. बुवाने नेमकी हीच रीत उचलली. लासारो दर आठवड्याला एका घरी पाहुणा जाई, आपल्या थडग्यासकट. यजमानाने पेटी घरामागे सावलीत ठेवायची. थडगं गार असतं, म्हणून रोज ताजा बर्फ घालायचा. झाकण फक्त बर्फापुरतं उघडायचं. बुधवारपर्यंत लासारो 'देह ठेवी'. शनिवारी बुवा चार लोक घेऊन येई, प्रेत बघे, रडे, आणि रविवारी तंबूत पेटी मागवी.

त्या रविवारी यजमान ठरला तिबुर्सिओ. "पुढच्या रविवारी दोघं उठतील," बुवा ध्वनिक्षेपकात म्हणाला. "लासारो, आणि आपला तिबुर्सिओ!"

शनिवारी सकाळी रोसाउरा बापाच्या ट्रेलर-घरात आली. बाप कोचावर पडला होता. शेजारी पाण्याचे रिकामे जग. ओठ फुटलेले, श्वास खोल आणि घाईचा, तोंडाला कुजलेल्या फळांसारखा वास. पायावरचं फडकं तिने उचललं. दोन बोटं काळी पडली होती.

"आपा," ती बापाला म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"उद्या."

"उद्यापर्यंत तुम्ही राहणार नाही! ऐकू येतंय का? मरताय तुम्ही!"

"मग उद्या उठेन," म्हातारा म्हणाला. त्याला तो विनोद वाटला नव्हता.

तिने रुग्णवाहिका बोलावली. माणसं आली, त्यांनीही विनवलं. पण माणूस शुद्धीवर आहे, नको म्हणतो आहे, तर त्याला उचलून नेता येत नाही. "शुद्ध गेली की लगेच बोलवा," असं सांगून ती माणसं गेली. म्हणजे बाप बेशुद्ध पडायची वाट बघत बसायचं! रोसाउरा मागच्या पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून रडली. आईच्या आजारपणात तिने हे बघितलं होतं, पण तेव्हा निदान आई तिच्या बाजूने होती. इथे तिला बापाला त्याच्याच हातून सोडवायचं होतं.

समोर ती निळी पेटी होती. तिने संतापाने तिला लाथ घातली. झाकण उडालं. आत बर्फाच्या पाण्यात अर्धं बुडालेलं कासव, आणि त्याच्या नाकावर एक बुडबुडा. बघता बघता तो बुडबुडा किंचित फुगला. मेलेल्याच्या नाकावरचा बुडबुडा फुगतो कसा?

वाळवंटातल्या कासवांना आसरा देणारी मंडळी फीनिक्सला आहेत, हे तिला शाळेमुळे माहीत होतं. तिने फोन लावला. पलीकडे कुणी डेलफीन नावाची बाई होती, आवाज करडा.

"मेलेलं नाही गं ते! ही कासवं हिवाळाभर बिळात झोपतात. अंग गार पडतं, श्वास लागतो न लागतो. आरसा धरा नाहीतर तोफ उडवा, हलायची नाहीत."

"पण हे दर रविवारी उठतं. आणि आठवड्यात पुन्हा बर्फाच्या पाण्यात..."

"काय? दर आठवड्याला गार करता आणि गरम करता? बर्फात? ओल्यात?" बाईचा आवाज चढला. "त्याला मारताय तुम्ही! झोपायचं ते एकदा, कोरड्या बिळात, स्वतःच्या मर्जीने. प्रत्येक उठण्याला अंगातली पुंजी खर्च होते त्याची. नाकातून पाणी येतंय?"

"बुडबुडे येतात. लोक तीर्थ म्हणून घेतात."

"छाती धरलीय त्याची. मला गाडी घेऊन यायला संध्याकाळ होईल. तोवर तुला सांभाळायचंय. मोठी प्लास्टिकची पेटी आहे का घरात?"

"नाताळच्या सजावटीची आहे."

"ओत सगळं बाहेर. आरपार दिसते? मग चारी बाजूंनी पुठ्ठा लाव. काचेसारखी भिंत त्याला कळत नाही, धडका देत बसतं. तळाला जुने टॉवेल. एका टोकाला दिवा, दुसरं टोक तसंच. गरम झालं तर सरकायला जागा हवी. आधी घरातल्या हवेत ठेव, मग कोमट पाण्यात. पाणी हनुवटीपर्यंत, नाक बाहेर. खायला काही देऊ नकोस. आणि त्याला पुन्हा त्या बर्फात कुणी घालायला आलं, तर माझ्या वतीने त्याच्या कानाखाली वाजव."

रोसाउराला सगळं लख्ख दिसलं. ठिपका एकच होता, कारण कासव एकच होतं. त्याला ना कुणी मारत होतं, ना कुणी उठवत होतं. बर्फ गार करत होता आणि झूल गरम करत होती. बुवाची प्रार्थना लांबायची, कारण कासव तापायला तेवढा वेळ लागायचाच! पण हे बापाला सांगून उपयोग नव्हता. सांगून तो आजवर काय ऐकत होता? त्याला दाखवायला हवं होतं, आणि आजच.

तिने नाताळचे तारे आणि गोळे जमिनीवर ओतले, पुठ्ठा लावला, बापाचा छपराच्या कामाचा दिवा एका टोकाला बांधला. कासव आत आणलेलं बघताच म्हातारा कोपरावर उठला.

"थडगं उघडलंस? कारटे, थडगं उघडलंस!"

"उघडलं. शिव्या द्या हव्या तेवढ्या."

"मारशील त्याला! आणि मला!"

"आपा, तुमच्या मते तो मेलेलाच आहे ना? मग मेलेल्याला मी आणखी काय मारणार?"

म्हातारा धापा टाकत पुन्हा आडवा झाला. बऱ्याच वेळाने तिने तसराळ्यात कोमट पाणी केलं, कासव त्यात ठेवलं आणि तसराळं ओढत कोचापाशी आणलं. बापाचा हात धरून तिने पाण्यात कासवाच्या पायाशी ठेवला.

"फक्त हात ठेवा. प्रार्थना करू नका, हाक मारू नका. एवढं माझ्यासाठी करा. पुन्हा काही मागणार नाही."

तो रडत होता की घामाने भिजला होता, कळत नव्हतं. हात मात्र त्याने काढला नाही. पाणी निवलं की ती बदलत होती. कासव काही हलेना. स्टोव्हवरची किटली, म्हाताऱ्याचा तो खोल श्वास, आणि तसराळ्यात मेल्यासारखा पडलेला जीव. देवा, हेही खोटं ठरलं तर? या वेळी खरंच मेलं असेल तर? एकदा चुकले आहेच, दुसऱ्यांदा चुकले तर बाप जातो.

तेवढ्यात दारावर थाप पडली, आणि उत्तराची वाट न बघता बुवा आत आला. मागे टायरवाला, शेजारच्या कुकाबाई आणि आणखी चार-पाच जण. बुवाच्या हातात उद्याची लाल झूल होती. रिकामी पेटी त्यांनी बाहेर पाहिलेलीच होती.

"हे काय केलंस, पापिणी?" बुवाचा आवाज तंबूतल्यासारखा लागला. "पवित्र देह उकळत घातलास! आता लासारो उठला नाही, तर हिचा बाप कसा उठेल? सांगा, लोकहो, पाप कुणाच्या माथी?"

"रोसाउरा, असं करतात का गं?" कुकाबाई रडवेल्या झाल्या. "ज्याच्यात्याच्या श्रद्धेला नख लावायचं?"

टायरवाला तसराळं उचलायला पुढे झाला. रोसाउरा आडवी झाली. "हात लावून बघा! याला हात लावायचा नाही कुणी!" धक्काबुक्की झाली, पाणी सांडलं, आणि तेवढ्यात कासवाने मान लांब केली. डोळे उघडले. डोकं खाली नेऊन ते पाणी प्यायला लागलं. गळा खाली-वर होत होता, आणि ते पीत होतं, पीतच होतं.

मग बुवाने दोन्ही हात वर केले. मानलं पाहिजे त्याला, पापणीही लवली नाही.

"पाहिलंत? माझं पाऊल उंबऱ्यात पडलं, आणि लासारो उठला! आज हाकसुद्धा मारावी लागली नाही!"

कुकाबाई मटकन गुडघ्यावर बसल्या. टायरवाल्याने टोपी काढली. रोसाउरा हरली. डोळ्यांदेखत, हातातोंडाशी आलेलं घेऊन गेला माणूस.

"नाही," कोचावरून आवाज आला.

सगळे वळले. तिबुर्सिओ उठून बसायचा प्रयत्न करत होता. हात अजून पाण्यातच होता.

"तू यायच्या आधीच त्याने पाय आखडला. माझ्या बोटांत. तुझी गाडीही वाजली नव्हती तेव्हा." त्याला मध्येच दम लागला. "मला कळलं होतं. मी पोरीला सांगितलं नाही. मी गप्प बसलो."

"तिबुर्सिओ, ताप चढलाय तुला. सैतान बोलतोय तुझ्या तोंडून..."

"ती झूल इकडे आण."

"झूल पवित्र आहे!"

कुकाबाई बुवाच्या शेजारीच गुडघ्यावर होत्या. त्यांनी सहज झुलीला हात लावला, आणि झटक्याने काढून घेतला. "अगं बाई! ही गरम कशी?"

बुवा मागे सरकला, पण टायरवाल्याने झूल धरली होती. ओढाताणीत शिवण उसवली. मखमलीतून चपट्या पांढऱ्या पुड्या टपाटप खाली पडल्या. शिकारीला जाणारे लोक हात शेकायला खिशात ठेवतात त्या. पेट्रोल पंपावर मिळतात.

"उद्यासाठी कोणत्या पुड्या चांगल्या तापतात ते बघत होतास वाटतं?" रोसाउराने एक पुडी उचलून वर धरली. "ऐका सगळे. हे कासव मेलेलं नव्हतं. गारठ्याने निपचित पडलेलं होतं. ही कासवं थंडीत अशीच पडतात. आठवडाभर बर्फ, मग झूल आणि तासन्‌तास गाणी. एवढाच चमत्कार."

कुकाबाई अजून जमिनीवरच होत्या. "बर्फ मी घातला," त्या पुटपुटल्या. "माझ्याकडे होता तेव्हा रोज मी घातला, माझ्या हातांनी. नवरीसारखी फुलं लावली पेटीला आणि बर्फ घातला. त्याला मारत आम्ही होतो, आणि उठवल्याचा मान हा घेत होता!"

बुवा केव्हा दाराबाहेर सटकला, कुणी पाहिलं नाही. झूल मात्र टायरवाल्याच्या हातातच राहिली.

तिबुर्सिओने पाण्यातून हात काढला आणि लेकीच्या खांद्यावर ठेवला. "गाडी काढ, पोरी," तो म्हणाला. "मला भीती वाटतेय."

दवाखान्यात त्यांनी त्याला वाचवलं. पाय निम्मा कापावा लागला. आठवडाभर आधी आला असता तर बोटांवर भागलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि रोसाउराला ते वाक्य अजून झोपू देत नाही.

बुवाला पुढे पकडलं. माणसांना फसवल्याबद्दल नव्हे. लोकांनी स्वखुशीने ऐकलं, स्वखुशीने बादलीत पैसे टाकले, त्याला कायदा काय करणार? वाळवंटातलं रानटी कासव परवान्याशिवाय धरून छळल्याबद्दल पकडलं. कासवासाठी कायदा होता. तिबुर्सिओसाठी त्याची लेक तेवढी होती.

लासारोची छाती डेलफीनबाईंनी महिनाभर औषध देऊन बरी केली. रानातून आलेलं आजारी कासव पुन्हा रानात सोडता येत नाही, म्हणून रीतसर परवाना काढून ते तिबुर्सिओच्याच अंगणात आलं. म्हाताऱ्याने कुबडीवर उभं राहून त्याच्यासाठी बीळ खणून घेतलं, वर कौलांचं छप्पर घातलं. हिवाळ्यात लासारो आत जातो, उन्हाळ्याआधी आपसूक बाहेर येतो. त्याला कुणी हाक मारत नाही.

अजूनही कुणी कुणी येतं. कुंपणाशी उभं राहून हळूच विचारतं, "काहीही म्हणा, पण थोडी तरी शक्ती असेलच ना त्याच्यात?" तेव्हा तिबुर्सिओ खुर्चीत बसल्या बसल्या विजारीचा पाय वर ओढतो आणि पायाचा उरलेला खुंट दाखवतो.

"हा लासारो बुवाने दर रविवारी उठवला," तो म्हणतो. "माझं पाऊल एकदाच गेलं. ते आजवर उठलं नाही. मला आधी एकच काम होतं, झुलीखाली हात घालून बघायचं की गार आहे की गरम. तेवढं केलं नाही मी. तुम्ही करा. आणि सुई चुकवू नका."